डाव्या हातावरची यादी

हात धुऊन झाले, कोरडे पुसून झाले, आणि मग सरांच्या लक्षात आलं की परीक्षेची यादी हातावर होती.

नळ अजून ठिबकत होता. सरांनी डावा पंजा खिडकीकडे धरला, उलटा केला, सुलटा केला. सव्वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाचा पंजा जितका स्वच्छ असायला हवा तितका तो स्वच्छ होता आणि त्याला लिंबाच्या साबणाचा वास येत होता. समोरच्या भिंतीवर सरांच्याच वळणदार अक्षरातले नऊ नियम लावलेले होते. पहिला नियम होता, 'रसायने हाताळल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवावेत.' सरांनी तो आयुष्यात कधी मोडला नव्हता. आजचा एक दिवस मोडला असता तर काही बिघडलं नसतं, असं त्यांना फार वाटून गेलं.

आता यादी हातावर लिहायची वेळ का आली, ते सांगायला हवं. प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक विद्यार्थ्याला एका नंबराची बाटली मिळते. त्यातली पूड कसली, हे चाचण्या करून ओळखायचं असतं. याला 'अज्ञात क्षार' म्हणतात. तो विद्यार्थ्यांना अज्ञात असावा अशी अपेक्षा असते, आणि कोणत्या नंबरात काय आहे याची यादी परीक्षकाजवळ असते. गेल्या वर्षी सरांनी ती हजेरीच्या वहीत ठेवली होती. परिणाम असा झाला की निम्म्या वर्गानं बाटलीचं बूच काढायच्या आत उत्तर लिहून टाकलं. एकाची बाटली तर फुटली होती. त्यानं रिकाम्या परीक्षानळीतून झिंक सल्फेट ओळखून दाखवलं.

मुख्याध्यापिकांनी सरांना बोलावून घेतलं होतं. "यंदा यादी फुटली तर प्रयोगशाळेच्या किल्ल्या जीवशास्त्राच्या सरांकडे जातील," त्या शांतपणे म्हणाल्या होत्या. जीवशास्त्राच्या सरांचा या खोलीवर केव्हापासून डोळा होता. त्यांना इथे बेडूक ठेवायचे होते. सरांना मात्र या खोलीवाचून करमत नसे. रविवारीसुद्धा काहीतरी निमित्त काढून ते इथे येत, बाटल्या पुसत, लेबलं सरळ करत. आपल्या बाटल्यांच्या जागी बेडूक बसले आहेत असं त्यांना दोनदा स्वप्नात दिसलं होतं.

म्हणून यंदा कागदच नको असं ठरलं. सकाळी साडेआठला सरांनी प्रयोगशाळा सहायकांना, म्हणजे मामांना, बाहेर पायरीवर बसवलं. बरण्यांतून दहा क्षार काढून नंबर घातलेल्या दहा बाटल्यांत मुद्दाम उलटसुलट क्रमानं भरले आणि डाव्या हाताच्या पाच बोटांवर, एका बोटावर दोन याप्रमाणे, बारीक अक्षरात यादी लिहून काढली. मग स्वतःवर खूश होऊन ते हात धुवायला गेले.

सरांनी भिंग आणलं. अंगठ्यानं साबणाची वडी धरली होती, त्यामुळे अंगठ्याच्या घडीत एक ओळ तेवढी शिल्लक होती. 'एक – कॉपर सल्फेट.' कॉपर सल्फेट निळंशार असतं. दहा बाटल्यांतली जी एकच बाटली दारातून बघूनही ओळखू आली असती, तेवढीच यादीत उरली होती. बाकी नऊ बाटल्यांत पांढरी पूड होती.

"मामा," सरांनी दार उघडून हाक मारली. "तुम्ही काही बघितलंत का हो आतमध्ये?"

मामा पायरीवर पाठ करून बसले होते. सरांच्याही आधीपासून ते या खोलीत होते. कोपऱ्यातल्या बर्नरवर सगळ्या शिक्षकांचा चहा तेच करत. तीस वर्षांत आज पहिल्यांदा त्यांना कुणी बाहेर काढलं होतं.

"बघू नका म्हणालात ना? नाही बघितलं."

"अहो, पण सहज? खिडकीतून?"

"एकदा माणसावर विश्वास नाही म्हटलं की खिडकीतूनसुद्धा बघू नये," मामा म्हणाले आणि पुन्हा पाठ फिरवून बसले.

नऊ पस्तीस झाले होते. सरांनी मनाला समजावलं. यात घाबरण्यासारखं काय आहे? आपण शिक्षक आहोत. पोरं जे तीन तासांत करतात ते आपण पंचवीस मिनिटांत करू. त्यांनी दोन नंबरच्या बाटलीतली चिमूट तारेवर घेऊन ज्योतीत धरली. ज्योत पिवळीधमक झाली. म्हणजे सोडियम. ठीक. तीन नंबर घेतला. पिवळी. चार नंबर, पिवळी. पाच नंबर, पिवळी. दहा क्षारांत सोडियमचा क्षार एकच होता आणि सरांना तो आतापर्यंत चार बाटल्यांत सापडला होता.

सर स्टुलावर बसले. तेव्हा त्यांना एक गोष्ट कळली, आणि ती काही सुखाची नव्हती. सव्वीस वर्षांत त्यांनी शेकडो वेळा ज्योतीत तार धरली होती, पण दर वेळी उत्तर आधीच माहीत असायचं. उत्तर माहीत असलं की चाचण्या बऱ्या येतात. उत्तर माहीत नसताना त्यांनी शेवटचा क्षार ओळखला होता तो स्वतःच्या परीक्षेत, तीस वर्षांपूर्वी. तो मात्र झोकात ओळखला होता. झिंक सल्फेट, वीसपैकी वीस. हे वीस गुण ते प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्याच दिवशी सांगत.

आणि ज्यांनी ते वीस गुण दिले होते त्या बाईच पावणेदहाला दारात उभ्या राहिल्या. त्या निवृत्त झाल्या होत्या, पण बाहेरच्या परीक्षक म्हणून अजून त्यांना बोलावणं यायचं. केस पांढरे झाले होते, चष्मा जाड झाला होता, नजर तीच होती. सरांनी नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं.

"काय रे, घाम का आलाय?" बाईंनी विचारलं.

"बर्नर चालू होता, बाई."

"यादी तयार आहे ना?"

"हो. म्हणजे, आत्ता हातातच होती." सरांनी डावा हात खिशात घातला.

"असू दे. तपासताना दे. आधी बघितली की पोरांचं काम नीट बघवत नाही."

सरांच्या जिवात जीव आला. तीन तास मिळाले होते. आणि तेवढ्यात त्यांना एक नामी युक्ती सुचली. वर्गात तीस मुलं आणि दहा बाटल्या, म्हणजे एका बाटलीवर तीन मुलं. तिघांतल्या दोघांचं जे उत्तर जुळेल ते बरोबर धरायचं. यादी पोरांकडूनच काढून घ्यायची. सरांना आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं.

दहाला मुलं आत आली. त्यात ती मुलगीही होती. तिचं प्रत्येक वाक्य 'पण सर' असं सुरू होई, म्हणून अख्खा वर्ग तिला 'पणसर' म्हणत असे. सोडियम पाण्यात पेट घेतं आणि क्लोरीन विषारी, पण सर, मग मीठ खाऊन आपण मरत का नाही? हायड्रोजन जळतो आणि ऑक्सिजन जाळतो, पण सर, मग पाण्यानं आग विझते कशी? साखर विरघळली म्हणजे नाहीशी झाली का, आणि नाही झाली तर, पण सर, ती आहे कुठे? सर वर्षभर या सगळ्यांना एकच उत्तर देत आले होते. "ते परीक्षेत येत नाही." ती खाली बसायची आणि वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून ठेवायची. पाठांतर यथातथाच असल्यामुळे लेखी परीक्षेत ती काठावर होती. प्रात्यक्षिकात गेली तर अख्खं वर्ष जाणार होतं, आणि हे तिला माहीत होतं. तिच्या वाट्याला सात नंबरची बाटली आली.

परीक्षा सुरू झाली. एरवी सर परीक्षेत खुर्चीवर जाऊन जे बसत ते घंटा होईपर्यंत हलत नसत. द्रावणात जो पदार्थ तळाशी जाऊन बसतो त्याला साका म्हणतात, म्हणून मुलांनी सरांचं नाव 'साका' ठेवलं होतं. आज मात्र साका टेबलांमधून फिरायला लागला.

"काय निघालं?" त्यांनी पहिल्याच टेबलापाशी हळूच विचारलं.

मुलगा दचकला. सर त्याच्या टेबलापाशी वर्षभरात आले नव्हते. "बेरियम क्लोराइड, सर."

"नक्की?"

सरांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मुलानं त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं आणि उत्तर खोडलं. "लेड नायट्रेट, सर."

"आणि हे नक्की?"

"मॅग्नेशियम सल्फेट?" मुलगा अंदाज घेत म्हणाला.

"अरे, मी विचारतोय. सांगत नाहीये."

"हो सर, पण तुमचा चेहरा पडला ना," मुलगा म्हणाला.

पुढच्या टेबलावर तेच झालं, त्याच्या पुढच्यावरही तेच. ज्यांची उत्तरं बरोबर होती त्यांनीही सरांचं 'नक्की?' ऐकून ती खोडली. सर परीक्षानळीकडे बघत होते आणि मुलं सरांकडे बघत होती. सर सुस्कारा सोडतात तेव्हा उत्तर बरोबर असतं, अशी बातमी मागच्या टेबलापर्यंत पोचली. त्यामुळे सरांनी साधा श्वास घेतला तरी कुणीतरी काहीतरी लिहून टाकत होतं. अकरा वाजेपर्यंत चार नंबरच्या बाटलीत तीन मुलांना मिळून सहा क्षार सापडले होते.

"सर," मधल्या टेबलावरच्या एकानं हात वर केला. "थेंबभर कॉस्टिक सोडा घातला तेव्हा पांढरा साका आला. अजून घातला तर सगळं स्वच्छ झालं. साका गेला कुठे?"

"कुठे जातोय? इथंच फिरतोय," मागून कुणीतरी पुटपुटलं.

एरवी सरांनी त्या पुटपुटणाऱ्याला उभं केलं असतं. आज त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. एवढ्या गोंधळात पहिल्यांदा काहीतरी पक्कं हाती लागलं होतं. "जास्तीत विरघळला?" ते हरखून, जरा मोठ्यानंच म्हणाले. "मग झिंक."

मग तीस पेनं एकदम चालायला लागली. कुणाच्या बाटलीत काय होतं याचा आता कुणी विचार करत नव्हतं. सरांनी सर्वांसमक्ष झिंक म्हटलं होतं.

"सर," बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तुम्ही जरा बसा."

सर खुर्चीत जाऊन बसले. सात नंबरच्या टेबलांवर काय चाललंय ते त्यांना तिथून दिसत होतं. सात नंबर असलेले दोघे मुलगे शेजारी शेजारी बसत आणि दोघांत मिळून एक डोकं वापरत. त्यांनी झिंक लिहिलं, मग एकमेकांशी कुजबुजून ते खोडलं आणि अमोनियम क्लोराइड लिहिलं. दोघांचं उत्तर जुळलेली ही पहिलीच बाटली होती. सरांनी सुटकेचा सुस्कारा सोडला. तो ऐकून दोघांनी उत्तराखाली दोन रेघा मारल्या.

तिसरा सात नंबर पणसरचा होता. तिनं हात वर केला होता. तो बराच वेळ वरच होता.

"पण सर, याला एकही चाचणी लागू होत नाहीये."

"नीट कर."

"तीनदा केली. पण सर, याच्यात काहीच नसेल तर?"

"काहीच नाही असं नसतं. सगळ्यांना क्षार दिलाय," सर म्हणाले. मग सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "भलतंसलतं परीक्षेत येत नाही."

तिनं चिमूटभर पूड कोरड्या परीक्षानळीत घेतली आणि ज्योतीवर धरली. पूड वितळली, पिवळी झाली, तपकिरी झाली आणि फसफसून काळी पडली. सगळ्या प्रयोगशाळेत एक गोडसर करपट वास पसरला. तिनं नळी बाजूला ठेवली आणि मान खाली घालून ती बराच वेळ लिहीत राहिली.

वास पायरीपर्यंत गेला असावा. दार किलकिलं झालं आणि मामांचं नाक आत आलं. त्यांनी दोनदा हुंगलं. सकाळपासूनचा रुसवा त्यांच्या चेहऱ्यावरून उडाला. त्यांनी सरांना खुणेनं बाहेर बोलावलं.

"सर," मामा दबक्या आवाजात म्हणाले, "सकाळी तुम्ही अमोनियम क्लोराइडच्या बरणीला हात लावलात का?"

"लावला. दहा क्षारांत ते होतं. का?"

"त्यात माझी चहाची साखर असते."

"मामा, साखर? अमोनियम क्लोराइडच्या बरणीत?"

"मग कुठं ठेवू? डब्यात ठेवली की जीवशास्त्राचे सर येता-जाता चमचा मारतात. त्या बरणीला ते शिवत नाहीत."

"अहो, पण साखर खडेदार असते. मला दिसली नसती का?"

"दळून आणतो मी. पूड केली की लवकर विरघळते, हे तुम्हीच वर्गात सांगत होतात. दाराबाहेर उभा राहून ऐकलं होतं. तुम्ही चार वर्षं बिनसाखरेचा पिताय, तुम्हाला काय कळणार?"

वर्षभराच्या शिकवण्यातलं निदान एक वाक्य कुणीतरी अमलात आणलं होतं, आणि तेच आता सरांच्या मुळावर आलं होतं.

घंटा झाली. मुलं गेली, मामा आत आले. बाईंनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात घेतला आणि एकेक बघायला सुरुवात केली. सर समोर बसले. त्यांचा डावा हात अजून खिशातच होता.

"झिंक," बाई म्हणाल्या. "झिंक. हेही झिंकच. हा सात नंबर, अमोनियम क्लोराइड. 'तापवल्यावर तिखट वासाचा वायू आला, ओला लाल लिटमस निळा झाला.' शेजारचाही सातच. तोच तिखट वास, तेच लिटमस, शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच." त्यांनी तिसरा कागद उचलला आणि तो जरा लांब धरून वाचला. "आणि ही बघ काय लिहितेय. 'हा क्षार नाही. तापवल्यावर वितळला, तपकिरी झाला, मग काळा झाला. नळीच्या वरच्या भागात पाण्याचे थेंब जमले. वास करपलेल्या साखरेसारखा आला. ही साखर असावी. खात्री करण्यासाठी चाखून पाहिली नाही, कारण भिंतीवर नियम दोन आहे.'"

बाईंनी कागद खाली ठेवला. "सातमध्ये काय आहे?"

हा प्रश्न सोपा होता. सात नंबर अमोनियम क्लोराइडच्या बरणीतून भरला होता, बरणीवर तसं लेबल होतं, लेबल सरांच्या अक्षरातलं होतं. दोघांचं उत्तर तेच होतं. 'अमोनियम क्लोराइड' म्हटलं की विषय संपत होता. किल्ल्या खिशात राहत होत्या, बेडूक येत नव्हते. फक्त एका मुलीला शून्य मिळत होतं, आणि वर्षभर भलतेसलते प्रश्न विचारणाऱ्या मुलीला शून्य मिळालं तर कुणाला आश्चर्यही वाटलं नसतं.

सरांनी खिडकीबाहेर बघितलं. सगळी मुलं निघून गेली होती. पणसर एकटी पायरीवर बसली होती आणि वहीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहीत होती. आपण नापास झालो आहोत अशी तिची खात्री असावी. तरीही ती प्रश्नच लिहीत होती. सरांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"साखर आहे, बाई," ते म्हणाले.

मग त्यांनी खिशातून हात काढून टेबलावर पालथा ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. गेल्या वर्षीची फुटलेली यादी, पाच बोटं, साबण, मामांचा चहा, 'नक्की?', झिंक, काही म्हणता काही मागे ठेवलं नाही.

"हात उलटा कर," शेवटी बाई म्हणाल्या.

सरांनी केला. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी ते पाचवीतल्या मुलासारखे पंजा पुढे करून बसले. बाईंनी तो चष्म्यातून बघितला.

"हात मात्र छान धुतोस," त्या म्हणाल्या. "मामा, सातातली साखर उरली असेल तर टाकून द्या आणि बरणीतली घालून दोन कप चहा करा. माझ्यात दोन चमचे."

त्यांनी पणसरचा कागद पुढे ओढला आणि त्यावर लाल पेननं वीस लिहिलं. वीसपैकी. "तीस जणांत हिनं एकटीनं जे दिसलं ते लिहिलंय."

"मी पण असाच लिहीत असे, बाई," सरांना जरा धीर आला होता. "आठवतं ना? झिंक सल्फेट. वीसपैकी वीस."

बाईंनी लाल पेनाला टोपण लावलं. सांगावं की नाही अशा विचारात त्या होत्या.

"मैदा होता तो," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"तुझ्या बाटलीत. लेबलं चिकटवायला खळ करायची म्हणून बशीत मैदा काढून ठेवला होता मी. घाईत तोच भरला. तपासायला बसले तेव्हा लक्षात आलं. पण तुझा कागद इतका सुबक होता की काय सांगू. समासाच्या रेघा आखलेल्या, आठही चाचण्या ओळीनं. 'हा क्षार पाण्यात सहज विरघळतो,' असं लिहिलं होतंस. मैदा. मला वाटलं, पोराला आता कसं सांगायचं? चूक तर माझीच होती. दिले वीस."

त्या वीस गुणांवर सर रसायनशास्त्राकडे वळले होते. त्यांच्या जोरावर नोकरी मागितली होती. सव्वीस वर्गांना पहिल्या दिवशी ऐकवले होते.

"मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस," बाई म्हणाल्या. "तू कधीच काही विचारत नव्हतास. फार गुणी मुलगा होतास."

मामांनी चहा आणून ठेवला. बाईंनी घोट घेतला, समाधानानं मान हलवली आणि मुख्याध्यापिकांना द्यायच्या अहवालाचा कागद काढला. त्यांनी लिहिलं, 'यंदा यादी अजिबात फुटली नाही. ती परीक्षा संपेपर्यंत कोणालाही ठाऊक नव्हती.' खाली सही केली.

"यात खोटं काही नाही," त्या म्हणाल्या. "किल्ल्या राहतील तुझ्याकडे. पण कागद तपासायला यादी लागणारच. त्या आठ बाटल्या घे आणि बस. मी आहे इथं."

सर उठले. बाह्या वर केल्या, बर्नर पेटवला आणि दोन नंबरच्या बाटलीतली चिमूट तारेवर घेतली. ज्योत पिवळीधमक झाली. त्यांनी तीन नंबर घेतला. पिवळी. त्यांनी बाईंकडे बघितलं. तीस वर्षांपूर्वी ते असे बघून गप्प राहिले असते आणि समासाच्या रेघा आखून 'सोडियम' लिहून मोकळे झाले असते.

"पण बाई," सर म्हणाले, "काहीही धरलं तरी ही ज्योत पिवळीच का होते?"

बाई चहा पीत राहिल्या. उत्तर खिडकीतून आलं.

"तार धुतली नाहीत, सर," पायरीवरून उठून आलेली पणसर गजांतून आत बघत म्हणाली. "आधी आम्लात बुडवून तापवायची. नियम पाच. मागे भिंतीवर लिहिलंय." ती थोडी थांबली. "पण सर, साबणातही सोडियम असतं ना? तुम्ही हात धुऊन लगेच तार धरली होती का?"

सरांनी मागे वळून भिंतीकडे बघितलं. नियम पाच तिथेच होता, त्यांच्याच अक्षरात. त्यांनी तार आम्लात बुडवली, तापवली, पुन्हा बुडवली. ज्योतीचा पिवळा रंग हळूहळू गेला. मग त्यांनी दोन नंबरची चिमूट धरली आणि ज्योत फिकट हिरवी झाली.

"बेरियम," सर म्हणाले.

"नक्की?" पणसरनं विचारलं.

सरांनी क्षणभर विचार केला आणि दुसरी चिमूट घेतली. "आत ये," ते तिला म्हणाले. "आणि येताना ती वही घेऊन ये. मागच्या पानापासून सुरुवात करू."